जॉन एंडर्स : विषाणूंना काचेच्या नळीत वाढवणारा माणूस

पोलिओची लस म्हटलं की दोन नावं आठवतात, जोनास साल्क आणि अल्बर्ट सेबिन. पोलिओच्या संशोधनावर नोबेल मात्र या दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही. १९५४ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल बॉस्टनच्या तिघांना मिळालं : जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स. त्यांनी लस बनवली नव्हती. पोलिओचा विषाणू माकडाच्या मेंदूबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवता येतो एवढंच त्यांनी दाखवलं होतं.

हे एवढंच किती मोठं होतं हे कळायला पोलिओच्या पलीकडे पाहावं लागतं. आज गरोदरपणात टॉर्च नावाची तपासणी होते. तिच्यातलं सी हे अक्षर सायटोमेगॅलोव्हायरसचं, म्हणजे सीएमव्हीचं. या विषाणूचा शोध, त्याचं नाव आणि त्याच्या पहिल्या खात्रीच्या चाचण्या एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या तंत्रावर उभ्या राहिल्या. गोवराची लसही तिथूनच आली. आणि हे सगळं घडवणारा माणूस वयाच्या तिशीपर्यंत डॉक्टर नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता. तो इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी होता.

बँकरचा मुलगा

जॉन फ्रँकलिन एंडर्स यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९७ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, वेस्ट हार्टफर्ड इथे झाला. हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं गाव. वडील तिथले मोठे बँकर, आजोबा एका विमा कंपनीचे अध्यक्ष. घरात पैशाची ददात नव्हती. न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट पॉल्स या निवासी शाळेत शिकून ते येल विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा त्यांनी शिक्षण अर्धवट सोडलं आणि नौदलाच्या विमानदलात नाव घातलं. प्रत्यक्ष लढाईत त्यांना जावं लागलं नाही. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे ते नव्या वैमानिकांना उडायला शिकवत.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये पदवी घेऊन ते हार्टफर्डला परतले आणि जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात शिरले. तो त्यांना मुळीच मानवला नाही. मग हार्वर्डला जाऊन इंग्रजी साहित्य आणि जुन्या केल्टिक व जर्मानिक भाषांचा अभ्यास सुरू केला. यात चार वर्षं गेली. कुठेतरी इंग्रजीचा प्राध्यापक व्हायचं, असा बेत होता.

बेत मोडला तो राहत्या घरातल्या सोबत्यामुळे. ह्यू वॉर्ड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण त्यांच्याच घरात राहायचा आणि हार्वर्डच्या जीवाणूशास्त्र विभागात शिकवायचा. संध्याकाळी तो प्रयोगशाळेत जाई, तेव्हा एंडर्स सहज त्याच्याबरोबर जाऊ लागले. विभागाचे प्रमुख होते हॅन्स झिन्सर. टायफस तापावरचे ते मोठे जाणकार आणि स्वतः कविता करणारे. उंदीर, उवा आणि इतिहास यांची सांगड घालणारं त्यांचं १९३५ सालचं पुस्तक खूप गाजलं. साहित्यात रमलेल्या एंडर्सना असा गुरू भेटल्यावर दुसरं काय व्हायचं? त्यांनी विषय बदलला. १९३० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यांना जीवाणूशास्त्रातली पीएच.डी. मिळाली.

पुढची दहा वर्षं शांतपणे गेली. न्यूमोनियाच्या जीवाणूंवरचं आवरण, मांजरांमधला एक जीवघेणा संसर्गजन्य आजार, असे विषय. काम चोख, गाजावाजा शून्य. १९४० मध्ये झिन्सर वारले. १९४३ मध्ये एंडर्स यांच्या पत्नी सेरा अचानक गेल्या. घरात दोन मुलं होती. याच काळात, युद्धाच्या धामधुमीत, ते गालगुंडाच्या विषाणूवर काम करत होते. लष्करी छावण्यांत गालगुंडाची साथ आली की पलटणीच्या पलटणी आजारी पडत. कुणाला हा आजार आधी होऊन गेला आहे आणि कुणाला अजून होऊ शकतो, हे रक्तावरून ओळखणारी चाचणी एंडर्स यांच्या गटाने बसवली. संसर्ग झाला की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तात शोधायची, हे तिचं तत्त्व. आजच्या सीएमव्हीच्या आयजीजी चाचणीमागेही मुळात हीच कल्पना आहे, फक्त ती तपासण्याची यंत्रं बदलली.

विषाणू वाढवायचा कुठे?

जीवाणू वाढवणं सोपं असतं. त्यांना खाऊपिऊ घातलं की ते बशीत वाढतात. विषाणूचं तसं नाही. तो जिवंत पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाही. म्हणून पन्नासच्या दशकापर्यंत बहुतेक विषाणूंची प्रयोगशाळा म्हणजे जिवंत प्राणी किंवा कोंबडीचं उबवलेलं अंडं. अंड्याची युक्ती १९३१ मध्ये अर्नेस्ट गुडपाश्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवली. या गुडपाश्चरांचं नाव पुढे आणखी एकदा येईल.

पोलिओचा विषाणू अंड्यात वाढत नव्हता. त्याला माकड लागायचं. रुग्णाचा नमुना माकडाच्या मेंदूत टोचायचा, ते लुळं पडतं का पाहायचं, मग त्याला मारून मेंदू आणि मज्जारज्जूचे काप तपासायचे. एका प्रश्नाच्या उत्तराला अनेक माकडं आणि कित्येक आठवडे. पोलिओच्या विषाणूचे प्रकार किती, हे ठरवायला अमेरिकेत चाळीसच्या दशकाअखेरीस हजारो माकडं खर्ची पडली. त्या काळात ही रिसस माकडं मोठ्या संख्येने भारतातून जात. प्रवासात माकडं मेल्यावरून १९५५ मध्ये भारताने काही काळ निर्यात थांबवली होती. ती कायमची बंद झाली १९७८ मध्ये.

मग माकडाऐवजी नुसत्या पेशी का वापरल्या नाहीत? टिश्यू कल्चर हा शब्द आपल्याकडे जळगावच्या केळीमुळे घरोघरी पोचला आहे. प्राण्यांच्या पेशी अशा शरीराबाहेर जगवण्याचं तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतं. अडचणी दोन होत्या. एक म्हणजे जंतूंचा शिरकाव. पोषक द्रवात एक जीवाणू पडला की सगळं भांडं नासायचं. आणि पोलिओचा विषाणू तर रुग्णाच्या विष्ठेत सापडणार, म्हणजे जंतूंच्या महासागरात. दुसरी अडचण मतांची होती. १९३६ मध्ये सेबिन आणि ऑलिट्स्की यांनी माणसाच्या गर्भाच्या वेगवेगळ्या पेशींत पोलिओचा विषाणू वाढवून पाहिला. तो फक्त मेंदूच्या पेशींत वाढला. त्यावरून हा विषाणू मज्जातंतूंशिवाय कुठे वाढतच नाही, असं सगळे धरून चालले. त्यांचा प्रयोग चुकलेला नव्हता. पण त्यांनी वापरलेला विषाणू वर्षानुवर्षं एका माकडाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत टोचत आणलेला होता. मेंदूतच राहायची त्याला सवय लागली होती. एका वाणावरून सगळ्या पोलिओबद्दल निष्कर्ष निघाला आणि बारा वर्षं तो कुणी फारसा हलवून पाहिला नाही.

उरलेल्या चार बाटल्या

युद्ध संपल्यावर बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलने एंडर्स यांना संसर्गजन्य रोगांची प्रयोगशाळा सुरू करायला बोलावलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना पहिल्यांदा स्वतःची म्हणावी अशी प्रयोगशाळा मिळाली. मदतीला दोन तरुण डॉक्टर आले. वेलर आणि रॉबिन्स हे वैद्यकीय महाविद्यालयात एकाच खोलीत राहिलेले मित्र. दोघंही लष्करात काम करून परतलेले, बालरोगाचं प्रशिक्षण घेत असलेले.

एंडर्स यांच्या पद्धतीतला मुख्य बदल ऐकायला अगदी साधा वाटतो. तोवर विषाणू वाढवणारे लोक दर काही दिवसांनी जुन्या पेशी टाकून नव्या घेत. एंडर्स यांनी पेशी तशाच ठेवायच्या आणि त्यांच्यावरचा पोषक द्रव तेवढा बदलायचा, असं ठरवलं. पेशी आठवडेच्या आठवडे जगल्या. सावकाश वाढणाऱ्या विषाणूला वेळ मिळाला. शिवाय आता पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन हाताशी होती. द्रवात ती घातली की जीवाणू मरत, विषाणूला काही होत नसे. नासण्याची भीती जवळजवळ संपली.

गालगुंडाचा विषाणू अशा रीतीने वाढल्यावर मार्च १९४८ मध्ये वेलर कांजिण्यांच्या विषाणूच्या मागे लागले. त्यासाठी माणसाच्या गर्भाची त्वचा आणि स्नायू यांचे बारीक तुकडे बाटल्यांत ठेवले होते. गर्भपात झालेल्या किंवा मृत जन्मलेल्या गर्भांच्या पेशी त्यासाठी मिळत. चार बाटल्यांत कांजिण्यांच्या रुग्णांच्या घशाचे नमुने घातले. चार तुलनेसाठी कोऱ्या ठेवल्या. चार उरल्या. जवळच्याच फ्रीझरमध्ये पोलिओच्या लॅन्सिंग वाणाचा विषाणू पडून होता. तो या चार बाटल्यांत घातला.

कांजिण्यांचा विषाणू त्या खेपेला काही वाढला नाही. पोलिओचा वाढला. लॅन्सिंग वाण उंदरांनाही लुळं करतो, त्यामुळे बाटलीतला द्रव उंदरांच्या मेंदूत टोचून ते कळलं. पण घातलेलाच विषाणू द्रवात शिल्लक राहिला नसेल कशावरून? म्हणून द्रव पुन्हा पुन्हा नव्या बाटल्यांत नेला गेला. दर खेपेला मूळ विषाणू इतका पातळ होत गेला की हिशेबाने त्याचा मागमूस उरायला नको होता. तरीही उंदीर लुळे पडतच राहिले. म्हणजे विषाणू बाटलीत नव्याने तयार होत होता, आणि तोही मेंदूचा अंश नसलेल्या पेशींत. पुढे आतड्याच्या पेशी, सुंता केलेल्या मुलांची त्वचा, अशा गोष्टींतही तो वाढला. जानेवारी १९४९ मध्ये सायन्स नियतकालिकात याचा छोटासा लेख आला.

ही हकीकत नशिबाची म्हणून सांगितली जाते. फ्रीझरमधल्या विषाणूपुरतं ते खरं आहे. बाटल्यांतल्या पेशी तोवर जगत्या ठेवण्याचं तंत्र मात्र नशिबाने आलं नव्हतं.

चाचण्यांच्या दृष्टीने यानंतरचा टप्पा जास्त मोलाचा. विषाणू वाढला हे कळायला अजून उंदीर लागतच होता. मग तिघांच्या लक्षात आलं की संसर्ग झालेल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी आम्ल तयार करत नाहीत. द्रवात फिनॉल रेड हा रंग घातला की निरोगी पेशींची नळी आम्लामुळे पिवळी पडायची आणि संसर्ग झालेली लालसर राहायची. त्याहून सोपं म्हणजे नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पेशी गोल होऊन, आक्रसून, फुटताना दिसत. पेशींच्या या बिघाडाला जाणकार सायटोपॅथिक परिणाम म्हणतात. आता विषाणू आहे की नाही हे डोळ्यांनी दिसू लागलं. रुग्णाचं रक्तद्रव त्या विषाणूत मिसळून नळीत घातलं आणि पेशी वाचल्या, तर त्या रक्तात प्रतिपिंडं आहेत हेही कळू लागलं. जिथे माकड लागायचं तिथे काचेची एक नळी पुरली. माकडं लगेच वाचली असं मात्र नाही. पेशींसाठी माकडांची मूत्रपिंडं पुढे कित्येक वर्षं वापरली गेली. पण एका माकडाच्या मूत्रपिंडांत शेकडो नळ्या भरत.

अमेरिकेत १९५२ साली पोलिओचे जवळपास ५८ हजार रुग्ण झाले, तीन हजारांवर माणसं गेली. साल्क यांनी लसीसाठी विषाणू वाढवला तो याच तंत्राने. एंडर्स स्वतः त्या शर्यतीत उतरले नाहीत.

नोबेलची वेळ आली तेव्हा काम फक्त आपलं नाही, वेलर आणि रॉबिन्स यांनाही बरोबरीचा वाटा मिळायला हवा, अशी एंडर्स यांची ठाम भूमिका होती. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव पुढे आणि हाताखालच्यांचं तळटिपेत, ही रीत जगभर चालते, आपल्याकडे तर जास्तच. त्यामुळे त्या वर्षी पारितोषिक तिघांत सारखं वाटलं गेलं, ही गोष्ट अजून आठवणीने सांगितली जाते.

घुबडाच्या डोळ्यांची पेशी

याच नळ्यांतून सीएमव्ही बाहेर आला. त्याची गोष्ट खूप मागे सुरू होते. १८८१ मध्ये जर्मनीतल्या ह्यूगो रिबर्ट यांना एका मृत जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात अवाढव्य पेशी दिसल्या. पेशीच्या मधोमध मोठा गडद ठिपका, भोवती फिकट कडं, जणू घुबडाचा डोळा. कित्येक वर्षं हे परजीवी असावेत असाच समज होता. १९२१ मध्ये गुडपाश्चर आणि टॅलबट यांनी सांगितलं की हे परजीवी नाहीत, बाळाच्याच फुगलेल्या पेशी आहेत. अंड्याची युक्ती रुळवणारे गुडपाश्चर ते हेच. फुगलेल्या पेशीच्या ग्रीक नावावरूनच पुढे सायटोमेगॅलो हा शब्द आला.

या मागे विषाणू असावा, हा संशय विसाच्या दशकातच आला होता. गिनीपिगच्या लाळग्रंथीतही अशाच पेशी दिसत आणि तो आजार एकापासून दुसऱ्याला देता येत होता. १९३२ मध्ये बॉस्टनमधल्या फार्बर आणि वोल्बाख यांनी वेगवेगळ्या कारणांनी दगावलेल्या बाळांच्या लाळग्रंथी तपासल्या, तर सुमारे १२ टक्क्यांत या पेशी निघाल्या. म्हणजे गोष्ट दुर्मिळ नव्हती. पण निदान व्हायचं ते शवविच्छेदनात. १९५२ च्या सुमारास जिवंत बाळाच्या लघवीत अशा पेशी शोधता येऊ लागल्या, तरी त्या प्रत्येक वेळी सापडतीलच असं नव्हतं.

विषाणू पकडता का येत नव्हता? कारण माणसाचा सीएमव्ही माणसाच्याच पेशींत वाढतो. उंदीर, ससा, माकड, कोंबडीचं अंडं, काहीही वापरलं तरी हाती शून्य. त्याच्यासाठी माणसाच्या पेशी बराच काळ जगवत ठेवणं हा एकच मार्ग होता, आणि तो १९४९ नंतर खुला झाला.

१९५६-५७ मध्ये तीन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा विषाणू हाती लागला. सेंट लुईसमध्ये मार्गारेट ग्लॅडिस स्मिथ यांना तो दगावलेल्या बाळाच्या लाळग्रंथीत मिळाला. त्यांनी आधी उंदराचा असाच विषाणू वाढवला होता. त्यामुळे त्यांच्या नळीत उंदराचाच विषाणू मिसळला असेल, अशी शंका घेतली गेली. दुसऱ्या बाळाच्या मूत्रपिंडातून तो पुन्हा मिळाला तेव्हा ती मिटली. वॉशिंग्टनजवळ वॉलेस रो आणि सहकाऱ्यांना तो मुलांच्या नाकामागच्या ग्रंथींत सापडला. बॉस्टनमध्ये वेलर एका तीन महिन्यांच्या बाळाच्या यकृताच्या तुकड्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी शोधत होते. बाळाचं यकृत वाढलेलं, डोळ्याच्या पडद्याला इजा, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके. परजीवी निघालाच नाही, नळीत हळूहळू फुगत जाणाऱ्या पेशी दिसू लागल्या. तिघांनी आपापले विषाणू एकमेकांना पाठवून ताडून पाहिले. १९६० मध्ये वेलर आणि सहकाऱ्यांनी सायटोमेगॅलोव्हायरस हे नाव सुचवलं. जन्मतः संसर्ग असलेली बाळं हा विषाणू लघवीतून कित्येक महिने, कधी वर्षंही टाकत राहतात, हेही त्यांच्याच गटाने दाखवलं.

एंडर्स यांचं नाव या लेखांवर नाही. तंत्र त्यांच्या प्रयोगशाळेतलं, हात त्यांच्या शिष्याचा.

लघवीचा नमुना, माणसाच्या पेशींची नळी आणि दोन-तीन आठवडे वाट पाहणं, ही सीएमव्हीच्या निदानाची खात्रीची पद्धत नंतरची पंचवीसेक वर्षं टिकली. ऐंशीच्या दशकात वाट पाहण्याचा काळ एक-दोन दिवसांवर आला, कारण पेशी फुगायची वाट न पाहता विषाणूची सुरुवातीची प्रथिनं रंगवून ओळखता येऊ लागली. नंतर पीसीआर आलं. ते पेशी मागतच नाही, विषाणूचा डीएनए मोजतं. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णांत विषाणू वाढतोय का, हे आता रक्तातल्या डीएनएच्या आकड्यावरून पाहतात.

गरोदर स्त्रीच्या रिपोर्टवर आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं की अनेक घरांत घबराट होते. तिला फारसा आधार नसतो. भारतात बहुतेक प्रौढांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, आणि आयजीजी तेवढंच सांगतं. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी संसर्ग आताचाच आहे असं ठरत नाही, कारण ते कित्येक महिने टिकू शकतं, कधी दुसऱ्याच कारणाने चुकीचंही येतं. अशा वेळी प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट धरतात हे मोजणारी ॲव्हिडिटी चाचणी कामी येते. पकड ढिली असेल तर संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतला असण्याची शक्यता जास्त, घट्ट असेल तर तो जुना. बाळाच्या बाबतीत तर वेळच सगळं ठरवते. जन्मानंतर २१ दिवसांच्या आत लघवी किंवा लाळ तपासली तर संसर्ग पोटातच झाला होता हे सांगता येतं. त्यानंतर तो जन्माच्या वेळी किंवा आईच्या दुधातूनही आलेला असू शकतो. जन्मतः सीएमव्ही हे मुलांच्या बहिरेपणाचं एक प्रमुख कारण आहे, म्हणून हे २१ दिवस महत्त्वाचे.

गोवर

एंडर्स नोबेलनंतर थांबले नाहीत. खरं तर त्यांचं सगळ्यात जास्त जीव वाचवणारं काम नोबेलच्या वर्षातच सुरू झालं. जानेवारी १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या फे स्कूल या निवासी शाळेत गोवराची साथ आली. एंडर्स यांनी थॉमस पीबल्स या तरुण डॉक्टरला तिथे धाडलं. पीबल्स यांनी आजारी मुलांचं रक्त आणि घशाचे नमुने गोळा केले. या वेळी पेशी होत्या माणसाच्या मूत्रपिंडाच्या. चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये डोक्यात पाणी साठणाऱ्या बाळांवर तेव्हा एक शस्त्रक्रिया होई. एक मूत्रपिंड काढून त्याच्या मूत्रवाहिनीत मेंदूभोवतीचं पाणी सोडलं जाई. काढलेलं मूत्रपिंड प्रयोगशाळेत येई.

एडमन्स्टन आडनावाच्या एका मुलाच्या नमुन्यातून विषाणू वाढला. नळीत पेशी एकमेकींत विरघळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी होत होत्या. हा विषाणू मग मूत्रपिंडाच्या पेशींत २४ वेळा, गर्भावरणाच्या पेशींत २८ वेळा, कोंबडीच्या अंड्यात सहा वेळा आणि शेवटी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवला गेला. परक्या घरात राहून राहून तो सौम्य झाला. सॅम्युएल कॅट्झ, मिलान मिलोव्हानोविच आणि इतरांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं.

लसीच्या पहिल्या चाचण्यांबद्दल आज अवघडल्यासारखं होतं. १९५८ मध्ये ती प्रथम मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नल्ड स्कूलमध्ये, नंतर न्यूयॉर्कच्या विलोब्रूकमध्ये मतिमंद मुलांना दिली गेली. या दोन्ही संस्थांत गोवराच्या साथी येत आणि मुलं मरत, हे खरं. पालकांची परवानगी घेतली होती, हेही. पण ज्यांना स्वतः नाही म्हणता येत नाही अशा मुलांवर आधी प्रयोग, ही त्या काळची सर्रास रीत होती, आणि एंडर्स यांच्यासारखा सज्जन माणूसही तिच्याबाहेर पडला नाही. दोन्ही संस्था पुढे मुलांच्या हालांसाठी आणि तिथे झालेल्या इतर प्रयोगांसाठी बदनाम झाल्या.

१९६० च्या सुमारास कॅट्झ लस घेऊन नायजेरियात गेले, जिथे गोवराने मुलं खूप मोठ्या संख्येने दगावत होती. तिथेही ती उपयोगी पडली. वृत्तपत्रांनी लसीचं श्रेय एकट्या एंडर्स यांना दिलं, तेव्हा हे अनेकांचं काम आहे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. १९६३ मध्ये अमेरिकेत लसीला परवाना मिळाला. सुरुवातीच्या लसीने बऱ्याच मुलांना ताप आणि पुरळ येई, म्हणून सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागे. विषाणू आणखी सौम्य केल्यावर ते थांबलं. त्याच मुलाच्या विषाणूपासून झाग्रेबमध्ये तयार झालेला एडमन्स्टन-झाग्रेब हा वाण पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या गोवराच्या लसीत वापरला जातो. आपल्या लसीकरण कार्यक्रमात मुलांना नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचे डोस मिळतात.

नळीतली पद्धतही मुंबईत अजून नांदते आहे. परळला हाफकिनच्या आवारातल्या विषाणू प्रयोगशाळेत लुळेपणा आलेल्या मुलांच्या विष्ठेचे आणि सांडपाण्याचे नमुने पेशींवर घालून पोलिओचा विषाणू शोधतात. भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्यानंतरही ही तपासणी बंद झालेली नाही.

एंडर्स यांनी १९५१ मध्ये कॅरोलिन कीन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं. प्रयोगशाळेतले लोक त्यांना चीफ म्हणत. रोज सकाळी ते प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन नवीन काय, असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. सांगण्यासारखं काही नसलेल्यांना तो क्षण जड जाई. साठच्या दशकात त्यांनी कर्करोगाशी संबंधित विषाणूंवर काम केलं. १९६३ मध्ये त्यांना अमेरिकेचा प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाला. ऐंशी वर्षांचे होईपर्यंत ते प्रयोगशाळेत येत राहिले.

८ सप्टेंबर १९८५ रोजी कनेक्टिकटमधल्या वॉटरफर्ड इथल्या समुद्राकाठच्या घरी त्यांचं निधन झालं. वय ८८ होतं. संध्याकाळी त्यांनी पत्नीला आणि मुलीला टी. एस. एलियटच्या कविता मोठ्याने वाचून दाखवल्या आणि मग झोपायला गेले. रॉबिन्स २००३ मध्ये गेले, वेलर २००८ मध्ये.